फरशी लागेपर्यंत

घराला फरशी लागली की आमचं बिऱ्हाड उठायचं.

माझे बाबा अकोल्यात मिस्त्री होते, लोकांची घरं बांधायचे. आई त्यांच्याच कामावर रेजा होती. विटा, रेती, गिट्टी डोक्यावरून वाहायची. कोणाचंही बांधकाम निघालं की तिथे राखण लागते, कारण सिमेंटची पोती, सळाखी, अगदी नळाची तोटीसुद्धा गायब होते. मालक म्हणायचा, "मिस्त्री, तुमीच राहा नं इथं. तुमचं भाडं वाचन, माही राखण होईन." म्हणून भिंती उभ्या राहिल्या की आम्ही त्या घरात राहायला जायचो आणि फरशी बसली की निघायचो. मधले महिने ते घर आमचं. दार नाही, खिडकी नाही, पण आमचं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा पडदा, विटा मांडून केलेली चूल, सेंट्रिंगच्या लाकडी बल्ल्यांना दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. कठडा नसलेल्या जिन्यावर बसून मी पाढे पाठ केले. शाळा एकच होती, पण शाळेचा रस्ता दर वर्षी बदलायचा. मैत्रिणी विचारायच्या, "तू कुठं राहते व?" मी सांगायचे, "सध्या पाण्याच्या टाकीमागं." त्या सध्याचा मला फार राग यायचा.

गरिबी म्हटलं की लोकांना उपाशी पोट आठवतं. आम्ही उपाशी राहिलो नाही, खोटं कशाला सांगू? बाबांच्या हाताला काम होतं आणि त्या हाताला नाव होतं. आमची अडचण वेगळी होती. एखाद्या घराची सवय लागायची, कोणत्या खिडकीतून वारा येतो, सकाळचं ऊन कुठवर सरकतं हे कळायला लागायचं, आणि तेवढ्यात फरशीवाला गाडी घेऊन दारात उभा राहायचा.

मालकाच्या वास्तुशांतीला आम्हाला जेवण असायचं. बाबांना दुपट्टा-टोपी, आईला ब्लाउज पीस. एका घरी मला तहान लागली म्हणून मी आत गेले. मागच्या खोलीत, जिथे मी सहा महिने झोपले होते, तिथे आता स्वयंपाकघर झालं होतं. मालकीण म्हणाली, "पोरी, पाय धुऊन ये, फरशी नवी हाये." तिचं काही चुकलं नव्हतं. माझे पाय खरंच मळके होते. पण मी पाणी न पिता परत आले आणि जेवलेही नाही. आई विचारत राहिली, काहून जेवली नाही, काहून जेवली नाही. काय सांगणार होते?

मी बी.कॉम. झाले. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही छाती काढून सांगते. फक्त बाबांसमोर सांगायची सोय नाही. ते म्हणतात, "तू चढली, पण ते पायरी बसवली कोनं?" त्या कॉलेजच्या नव्या इमारतीच्या कामावर ते खरंच होते.

पुढे अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मला लिपिकाची नोकरी लागली. पगार मोठा नव्हता, पण महिन्याच्या महिन्याला आणि बँकेत. मी अमरावतीत मुलींच्या एका वसतिगृहात कॉट घेऊन राहू लागले. आईबाबा अकोल्यातच, एका भाड्याच्या खोलीत. राखणीची कामं तोपर्यंत संपली होती. आता मोठ्या स्कीमवर निळ्या शर्टातले सिक्युरिटीवाले असतात, मिस्त्रीच्या बायकापोरांना तिथे कोण राहू देतं? खोलीचा मालक खालीच राहायचा. आठ-आठ दिवसांनी नळ येणार, तेव्हा आधी त्याचं टाकं भरणार, मग त्याची मोटरसायकल धुतली जाणार, मग वरच्यांनी ड्रम भरायचे. तोवर नळ गेलेला. आई बोलली की तो म्हणायचा, "मावशी, पटत नसन तं दुसरी खोली पाहा."

एका उन्हाळ्यात त्यानं सांगितलंच. पोराचं लग्न ठरलंय, खोली खाली करा. मी त्या रविवारी अकोल्याला गेले तर आई भांडी पोत्यात भरून बसली होती. रागात नाही, रडत नाही. तिचा हात त्या कामाला इतका बसला होता की कुठली परात कशात जाते हे न बघता भरत होती. त्या दिवशी मी ठरवलं. पुढची खोली भाड्याची घ्यावी लागेल ती घ्यावी लागेल, पण त्याच्या पुढचं घर आपलं. जिथून आईला कोणी भांडी भरायला लावणार नाही असं.

ठरवणं सोपं होतं.

नोकरी अमरावतीत म्हणून घर अमरावतीत बघायला लागले. दलाल फोनवर आधी बजेट विचारतो, मग पूर्ण नाव. नुसतं नाव सांगितलं तर म्हणतो, "पूर्ण सांगा ना मॅडम." पूर्ण सांगितलं की आडनाव पुन्हा विचारतो. मग, "मालकाशी बोलून कळवतो." कळवायचं कोणी नाही. एकदा मी चिडून विचारलं, "माझ्या आडनावाचा आणि तुमच्या मालकाच्या स्लॅबचा काय संबंध?" तो म्हणाला, "माझं काही नाही मॅडम, लोकांचं असते." लोक कोण, हे मला आजपर्यंत कोणी दाखवलं नाही.

जिथे नावाची अडचण नव्हती तिथे रोकडीची होती. बँक घराच्या किमतीतले पाचातले चार भाग देते, पाचवा भाग आपण आणायचा. वर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्री, दलाली. माझी सगळी शिल्लक धरून तो पाचवा भाग जेमतेम निघत होता, तोही लहान घराचा. आणि घरमालक म्हणायचे, कागदावर किंमत कमी दाखवू, बाकीचे नगदी द्या. आता बँक तर कागदावरच्याच किमतीवर कर्ज देणार. म्हणजे कागदावरचा पाचवा भाग माझा आणि कागदाबाहेरचं सगळंही माझंच. मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब मला कळत होता. कळून उपयोग काय? जितकं घर लहान, तितका नगदीचा हट्ट मोठा. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला घर स्वस्त पडतं, हे मला कोणत्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं.

बँकेतल्या साहेबांनी माझी पगाराची चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वडील काय करतात?"

"मिस्त्री आहेत."

"म्हणजे कॉन्ट्रॅक्टर?"

"नाही सर. मिस्त्री. भिंत बांधतात."

"हं. लग्न?"

"नाही झालं."

"मग झाल्यावर हप्ते कोण भरणार?"

"सर, माझ्या आधी या खुर्चीवर जे गृहस्थ बसले होते, त्यांना विचारलं का तुम्ही?"

साहेब हसले. "त्यांचं झालंय मॅडम."

मीही हसले, कारण कर्ज पाहिजे होतं.

शेवटी एक घर मिळालं. बडनेऱ्याकडे जाताना आतल्या एका जुन्या लेआउटमध्ये, दोन खोल्यांचं, पुढे कडुनिंब, मागे मोरी. मालक निवृत्त नोकरदार, वयस्कर, सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. मुलीकडे राहायला गेले होते, घर बंद पडलं होतं. ते ना आडनावावर अडले, ना त्यांनी नगदी मागितलं. "मले काळंबेरं नको बाई. सगळा चेकचा व्यवहार." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आम्ही इसार दिला, म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम. माझी बहुतेक शिल्लक त्यात गेली. त्यांनी साध्या कागदावर इसार मिळाल्याचं लिहून दिलं. बँकेची मंजुरी आली की करारनामा करू, किंमत त्यातच लिहू, असं ठरलं. आणि निघताना त्यांनी बाबांच्या हातात किल्ली ठेवली. "असू द्या तुमच्याजवळ. कडुनिंबाच्या खाली मोगरा हाये, त्याले पाणी टाकत जा."

बाबांना किल्ली देणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. आणि मला माहीत असायला हवं होतं, पण मी बँकेच्या कागदांत बुडाले होते. यंदाचं आयकराचं विवरण आणा, मागचं आणा, कायमचा पत्ता द्या. कायमचा पत्ता! त्या रकान्यावर पेन ठेवून मी किती वेळ बसले असेन.

पंधरा दिवसांनी रविवारी तिकडे गेले तर फाटकाबाहेर रेतीचा ढीग. मागच्या भिंतीचं सगळं प्लास्टर खाली उतरलेलं. आई घमेल्यात मलबा भरत होती, बाबा मोरीचा ढाळ पाहत होते.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"ओल होती भिंतीले."

"घर आपलं झालं नाही अजून!"

"इसार देल्ला नं?"

"इसार म्हणजे घर नाही. रजिस्ट्री झाल्यावर घर."

"तुही रजिस्ट्री होईन तवा होईन. तवरीक ओल दाराच्या लिंटलवर चढन. मंग तिले खाली कोन उतरवन, तुहा रजिस्ट्रार?"

आई म्हणाली, "म्या बी तेच सांगतलं. मालकानं झाडाले पानी टाकाले किल्ली देल्ली, यायनं तं सिमेंटच टाकलं." पण बोलताना तिचे हात थांबले नव्हते, आणि खरं सांगायचं तर तीही खूश दिसत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती बिनमजुरीची रेती वाहत होती.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या जगात शब्द झाला, इसार झाला की काम सुरू. पाया खणताना कोणता मालक रजिस्ट्री दाखवतो? आधी करणी, म्हणजे थापी, हातात घ्यायची, बाकीचं नंतर. रोज अकोल्याहून येऊन-जाऊन महिनाभरात त्यांनी मागची भिंत नव्यानं केली, छताची गळती बंद केली, मोरीचं पाणी जे उंबऱ्यापाशी साचायचं ते नालीत काढून दिलं. आईनं रंगाचे दोन हात दिले. सामान त्यांनी ओळखीच्या दुकानदाराकडून उधारीवर आणलं. घर असं दिसू लागलं की शेजारचे लोक फाटकाशी थांबून बघायचे. मोगऱ्याला पाणीही टाकलं, तेवढं सांगितलेलं होतं म्हणून.

बँकेची मंजुरी आली. करारनाम्यासाठी काकाजींना फोन केला. ते आले, सोबत त्यांचे जावई. जावयांनी फाटकातूनच घराकडे पाहिलं आणि चालायचे थांबले. मग आत गेले, भिंतीवर बोटांनी टकटक केलं, मोरीत नळ सोडून पाहिला, छतावर चढून आले.

"मामाजी, हे तुमचंच घर का?"

काकाजी भिंतीवरून हात फिरवत राहिले.

"या भावात? आता?" जावई माझ्याकडे वळले. "मॅडम, आम्ही किंमत सांगितली तेव्हा घर पडीक होतं. आता हे नव्यासारखं आहे. शेजारचं मागच्याच महिन्यात कितीला गेलं, विचारा."

"घर नव्यासारखं झालं नाही भाऊ," मी म्हटलं, "केलं. कोणी केलं ते तुमच्यासमोर उभे आहेत."

"तुम्हाला कोणी करायला सांगितलं होतं का? किल्ली झाडांना पाणी टाकायला दिली होती."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मी काकाजींकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "मले तं समजते. पण पोरीचा बी हिस्सा हाये नं. जावई म्हणतात त्यात…" आणि ते मोगऱ्याकडे बघायला लागले.

नवीन किंमत जी सांगितली, तिचा पाचवा भाग मला आणखी दोन वर्षं जोडूनही जमला नसता. म्हणजे बाबांनी फुकट केलेल्या कामाचे पैसे आता मी काकाजींना द्यायचे, आणि तेही बँकेचं व्याज भरून. मी फार बोलले त्या दिवशी. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण खोटं एकही नव्हतं. बाबांनी मात्र नळाखाली करणी धुतली, ओळंबा गुंडाळला, थैलीत टाकला. फाटकापर्यंत गेले, मागे वळले आणि काकाजींना म्हणाले, "काकाजी, मांगची भिंत आजून हप्ताभर भिजवा लागन. तराई नाई झाली तं भेगा पडतीन."

रस्त्यावर आल्यावर माझा तोल गेला. "तराई? त्यांच्या घराची तराई? ज्यांनी आपल्याला हाकललं त्यांना तुम्ही तराई सांगता?"

"त्यायनं केलं," बाबा म्हणाले. "भिंतीनं काय केलं?"

बसस्टँडपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. आई मधे चालत होती, एकदा त्यांच्याकडे पाहत, एकदा माझ्याकडे.

इसार परत मिळायला पावसाळा गेला. थोडे आज, थोडे पुढच्या महिन्यात, "जावई गावाला गेलेत," "चेकबुक संपलं." सिमेंट-रंगाची उधारी मी पगारातून फेडली. आईबाबा अकोल्यात आणखी एका खोलीत गेले, आधीच्यापेक्षा महाग, पत्र्याची. उन्हाळ्यात अकोल्यात पत्र्याखाली राहणं काय असतं ते राहिलेल्यालाच विचारावं. कार्यालयात सोबतच्या बाई म्हणायच्या, "घाई काय आहे? लग्न होऊ दे, नवऱ्याचं घर असेलच." मी म्हणायचे, "आई-बाबांचं नवरा घेऊन येईल का सोबत?" मग त्या बोलायच्या बंद झाल्या.

त्यानंतर पाहिलेली घरं मला आता वेगवेगळी आठवतही नाहीत. एक गेलं नावावरून, एक नगदीवरून, एकाचे कागदच नीट नव्हते आणि बँकेनं हात वर केले. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. माझ्या रजा संपल्या, घर मिळालं नाही.

मग त्याच दलालाचा फोन आला, ज्यानं लोकांचं असते म्हटलं होतं. आवाजात जरा संकोच. "मॅडम, एक आहे. पण अर्धवट आहे. स्लॅबपर्यंत काम झालं आणि मालकाची बदली झाली. वर्षानुवर्षं तसंच पडलंय. खरं सांगतो, लोक घेत नाहीत. अर्धी सोडलेली वास्तू चांगली नसते म्हणतात."

"भाव?"

भाव ऐकून मी पुन्हा विचारला.

"नगदी?"

"काही नाही. सगळं कागदावर. घेणाराच नाही तर नगदी कोणाला मागतो?"

"आणि माझं पूर्ण नाव?"

तो ओशाळून हसला. "मालक म्हणाले, नाव कोणाचंही असू द्या, घ्या म्हणा."

वलगाव रोडकडच्या एका नव्या वस्तीत ते उभं होतं. भिंती, वर स्लॅब, आणि काहीच नाही. दारांच्या जागी भोकं. आत बाभळीचं रोपटं, बकऱ्यांच्या लेंड्या, कोणीतरी विटा मांडून केलेली जुनी चूल. आई आत शिरली आणि चुलीपाशी थांबली. "इथं बी कोनी राहून गेलं," ती म्हणाली. आम्हाला अर्धवट वास्तूची भीती कोण घालणार? आमचा सगळा जन्म तिथेच गेला.

या वेळी मी बाबांना आधीच बजावलं. रजिस्ट्री होईपर्यंत एक वीटसुद्धा हलवायची नाही. आतही जायचं नाही. त्यांनी शब्द पाळला. अमरावतीला आले की रस्त्यावर उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून, आणि लांबून पाहायचे. "त्या कोपऱ्यात सळाख उघडी पडली." "पडू द्या बाबा." "गंजून राहिली." "गंजू द्या." मला हसू यायचं आणि दयाही यायची. एकदा ते फाटकाच्या खांबाला हात लावून आले आणि मला म्हणाले, "खांब बाहेर हाये, मंग चालते."

बँकेतले साहेब तेच. त्यांनी सांगितलं की खरेदीपुरते पैसे एकदम मिळतील, त्यातला पाचवा भाग माझा. किंमतच कमी, त्यामुळे परत आलेल्या इसारात तो भागला. बाकी बांधकामाचे पैसे टप्प्यानं. "आधी तुम्ही काम करायचं. मग आमचा इंजिनिअर येऊन पाहील, मोजेल, मग आम्ही तेवढे सोडू. पुढच्या कामाचं तसंच. आधी काम, मग पैसा. म्हणून लोकांना हे परवडत नाही मॅडम, सुरुवातीला हातात रक्कम लागते."

अकोल्याला घरी जाऊन मी हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं. ते भाकरी खात होते. तुकडा हातातच राहिला.

"आदी काम, मंग पैसा?"

"हो."

"आन् हे लोकायले परवडत नाई?"

"नाही म्हणाले."

"मले परवडते," बाबा म्हणाले. "जन्मभर म्या दुसरं केलं काय?"

रजिस्ट्री झाली. माझं आणि आईचं नाव लागलं. दुसऱ्याच दिवशी अकोल्याची पत्र्याची खोली सोडली आणि तिघंही त्या बिनदाराच्या घरात राहायला गेलो. पुन्हा सिमेंटच्या पोत्यांचा पडदा, पुन्हा विटांची चूल. फरक एवढाच की मी आता पर्स घेऊन त्या पडद्यातून ऑफिसला निघायचे. सकाळी भिंतींना पाणी मारायचं, संध्याकाळी येऊन परत पाणी मारायचं.

सोपं काहीच नव्हतं. बाबांचे गुडघे पहिल्यासारखे राहिले नव्हते; पालखावर, म्हणजे बांबूच्या परांचीवर, चढले की उतरताना तोंडातून आवाज निघायचा, आणि आपण आवाज काढलाच नाही असं ते दाखवायचे. आईनं डोक्यावरून वाहायचं सोडून घमेलं कमरेवर धरायला सुरुवात केली. बँकेचा इंजिनिअर येतो म्हणायचा आणि यायचा नाही. काम तयार, पैसे अडकलेले, दुकानदाराचे फोन. एकदा तो आला तर म्हणाला, "मजुरीची बिलं?"

"कोनाच्या नावानं काढू?" बाबांनी विचारलं. "माह्याच नावानं, माह्याच पोरीले?"

इंजिनिअर तरुण होता. त्यानं फीत काढली, भिंती मोजल्या, प्लास्टरवर हात फिरवला. बिलाशिवाय झालेलं काम मोजून त्यानं ते आमच्या हिश्शात धरलं. जाताना विचारलं, "मालक कोण?" बाबांनी करणीनंच माझ्याकडे दाखवलं. त्या दिवशी संध्याकाळी मी साहेबांच्या त्या 'हप्ते कोण भरणार'चा राग थोडा सोडला. सगळा नाही.

दारं लागली, खिडक्या लागल्या, वीज आली. राहिली फरशी. मी फरशी घेऊन आले, पांढरट, स्वस्तातली. आणि बाबांचं काम मंदावलं. आज लेव्हल पाहतो, उद्या रेती चाळतो. एवढ्या घाईनं दुसऱ्याच्या भिंती फोडणारा माणूस स्वतःच्या घरात फरशी लावायला आठवडा लावू लागला. मी चिडले, "बाबा, होऊन जाऊ द्या ना." ते म्हणाले, "घाई कायची हाये? कोन हाकलून राहिलं?" आणि बोलल्यावर स्वतःच जरा थबकले.

शेवटची खोली त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी पूर्ण केली. सांधे भरले, ओल्या कापडानं पुसलं, उठायला भिंतीचा आधार घेतला. मी मागच्या खोलीत गेले तर आई पोतं पसरून त्यात भांडी भरत होती. परात, गंज, तवा. हात आपोआप चालले होते.

"आई, काय करून राहिली?"

तिनं वर पाहिलं. हातातल्या परातीकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं.

"माय व," ती म्हणाली. "फरशी लागली म्हनून…"

बाबा दारात आले. "कुठं चालली व? मालकीण तं तूच हायेस. मिस्त्रीचा दुपट्टा कुठं हाये?"

आई हसता हसता डोळे पुसू लागली, आणि पोतं उलटं करून भांडी तिथेच फरशीवर ओतली. केवढा आवाज झाला! बाबा ओरडले, "अवं हळू, सांधे ओले हायेत!" दुपट्टा मी दुसऱ्या दिवशी आणला, पांढरा, काठाचा. त्यांनी तो खांद्यावर टाकून सगळ्या शेजाऱ्यांना घर दाखवलं. आम्ही वास्तुशांती केली नाही, आमच्यात बुद्धवंदना घेतात, ती घेतली. जेवणाला कोणालाही पाय धुऊन यायला सांगितलं नाही.

अमरावतीत आमचं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, छत. माझ्या आणि आईच्या नावावर. हप्ते चालू आहेत, ते मी भरते. फरशी लागून वर्ष होऊन गेलं आणि आम्ही तिथेच राहतो.